पट्टी झाकून पाहिलेले डाव

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या टीव्हीच्या डाव्या कडेला जुन्या कालनिर्णयाच्या पानाची एक उभी पट्टी चिकटवलेली आहे. फराळाला येणारा प्रत्येक पाहुणा ती पाहतो आणि पडद्याला तडा गेला की काय म्हणून हळहळतो. पडदा शाबूत आहे. त्या कागदाखाली आणखी एक पट्टी आहे, आणि ती दिसू नये म्हणून ही वरची.

बुद्धिबळाच्या मोठ्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण ज्यांनी पाहिले असेल त्यांना ती ठाऊक आहेच, इतरांसाठी सांगतो. पटाशेजारी एक काळी-पांढरी उभी पट्टी असते. संगणक क्षणाक्षणाला डाव जोखत असतो. पांढऱ्याचे पारडे जड झाले की पांढरा रंग चढतो, काळ्याचे झाले की काळा. तापमापकातला पाराच म्हणा ना. आमच्या सौ.ना घोडा अडीच घरे जातो यापलीकडे बुद्धिबळातले काही कळत नाही. पण ही पट्टी मात्र नेमकी कळते. स्वयंपाकघराच्या दारातून त्या डोकावतात आणि "अहो, काळं चढतंय हो!" असे सांगून पुन्हा चकल्यांकडे वळतात. जगातल्या श्रेष्ठ खेळाडूंनी तासतासभर डोके धरून बसावे आणि त्यांच्या चिंतनाचा निकाल आमच्या घरात चकलीच्या सोऱ्यासकट जाहीर व्हावा!

या पट्टीवर माझा राग आहे. तो कितपत रास्त आहे, याची शहानिशा करावी म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

मी बुद्धिबळाचा जाणकार नव्हे. कुर्ल्याच्या एका शाळेत मी एकतीस वर्षे मराठी शिकवले, त्यामुळे पट्टीकडे मी मास्तराच्या नजरेने पाहतो आणि मला आठवते ते गाईड. कवितेचे रसग्रहण लिहा म्हटले की वर्गातली निम्मी मुले गाईडातले उतरवून काढीत. त्यातली वाक्ये चूक नसत, बहुधा माझ्याहून बरी असत. पण कविता वाचून क्षणभर गोंधळायचे, एखाद्या शब्दापाशी अडायचे, ही जी खरी मौज, तिच्यापर्यंत मूल पोचतच नसे. उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून, असा तो उफराटा कारभार होता. बुद्धिबळाच्या प्रेक्षकाचे आज तेच झाले आहे की काय, अशी मला शंका येते.

ती का येते हे सांगायचे तर १९७२ च्या पावसाळ्यापर्यंत मागे जावे लागेल. पावसाळा म्हणायचे एवढेच. दुष्काळाचेच साल ते. वडील कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यात होते आणि आम्ही नेहरूनगरात राहत होतो. मी सोळा वर्षांचा होतो. तिकडे आइसलँडमध्ये, रेक्याविकला, अमेरिकेचा फिशर आणि रशियाचा स्पास्की जगज्जेतेपदासाठी लढत होते. चाली वर्तमानपत्रात येत त्या शिळ्या होऊन, इंग्रजी पद्धतीच्या आखूड अक्षरांत. वडील कात्रण खिशात घालून कामावर नेत. जेवणाच्या सुट्टीत पत्र्याच्या डब्यावर पट मांडला जाई, आणि रात्री तोच डाव घरी माझ्यासमोर पुन्हा मांडला जाई.

११ जुलैला सुरू झालेल्या पहिल्याच डावात, एकोणतिसाव्या चालीला, फिशरने एक विलक्षण गोष्ट केली. वजीर गेले होते, घोडे गेले होते, हत्ती गेले होते. दोघांपाशी एकेक उंट आणि सारखी प्यादी उरली होती. शेजारच्या पोराला विचारले असते तरी तो बरोबरी म्हणाला असता. आणि फिशरने आपल्या उंटाने एच-२ वरचे प्यादे खाल्ले. स्पास्कीने जी प्यादे एक घर पुढे सरकवले. झाले, उंटाची परतीची वाट बंद. दोन प्याद्यांच्या मोबदल्यात फिशरने उंट घालवला आणि छप्पन्नाव्या चालीला डाव सोडला.

का खाल्ले ते प्यादे? हा प्रश्न आमच्या घरात आणि कारखान्याच्या त्या डब्याभोवती पुढे कित्येक आठवडे नांदत होता. कोणी म्हणे, मोजताना चुकला. कोणी म्हणे, मस्ती. वडिलांचे म्हणणे वेगळे होते. "त्याला बरोबरी सोसवत नाही रे," ते म्हणत, "हरणं चालेल, पण पटावर काही उरलं नाही असं म्हणणं चालणार नाही." मला ते पटत नसे. मग पुन्हा पट, पुन्हा उंट, पुन्हा एच-२. जाणकार मंडळीही त्या शेवटावर वर्षानुवर्षे वाद घालीत राहिली. उंट गेल्यावरदेखील फिशरला डाव वाचवता आला असता, असे पुढे दाखवले गेले. आज संगणक पापणी लवण्याच्या आत त्या स्थितीचा निवाडा देतो. पण वडिलांनी जो प्रश्न विचारला होता, त्याचा निवाडा त्यात येत नाही.

ही आठवण उगाळण्याचे कारण १२ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ. सिंगापूरला चीनचा डिंग लिरेन आणि आपला अठरा वर्षांचा डी. गुकेश यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातला चौदावा, म्हणजे शेवटचा डाव. गुण साडेसहा-साडेसहा. डाव बरोबरीत सुटणार आणि दुसऱ्या दिवशी जलद डावांवर निकाल लागणार, असे जो तो धरून चालला होता. मी आणि माझी नात टीव्हीसमोर. ती तेव्हा सातवीत होती, शाळेच्या संघातून खेळे आणि माझ्याशी खेळताना मुद्दाम हळू खेळे. मला वाईट वाटू नये म्हणून.

पंचावन्नाव्या चालीला डिंगने हत्ती एफ-२ वर आणला. पट्टी खालपासून वरपर्यंत काळी झाली. "अरे देवा!" नात ओरडली, "एवढंही दिसलं नाही त्याला? आबा, हा जगज्जेता?"

तिला काय दिसले होते? पट्टी दिसली होती. पट मला दिसत होता तितकाच तिलाही दिसत होता, आणि पटावर मला तरी काहीच भयंकर दिसत नव्हते. हत्तीसमोर हत्ती आला आहे, मारामारी होईल, मोहरी कमी होतील. आणि ज्याला बरोबरी हवी आहे त्याने मोहरी कमी करावीत, हे तर आपण सारेच शिकलेलो. गुकेशपाशी एक प्यादे जास्त होते खरे, पण एका प्याद्यावर असे शेवट सहसा जिंकता येत नाहीत. मग चुकले कुठे?

वाचकाने घरात पट असेल तर तो काढावा. डिंगचा पांढरा उंट ए-८ वर, अगदी कोपऱ्यात. कोपऱ्यातल्या उंटाला एकच वाट असते, ती लांबलचक तिरकी रेघ. हत्ती मारले गेले. डिंगच्या राजाने गुकेशचा हत्ती घेतला. आणि गुकेशने आपला उंट डी-५ वर, त्याच रेघेच्या मध्यावर आणून ठेवला. आता पांढऱ्या उंटाला पळायला जागा नाही; ज्या रेघेवरून पळायचे तिच्यावरच दुसरा उंट उभा. मारामारी अटळ. ती झाली की काळा राजा डी-५ वर ऐन मोक्याच्या जागी येतो, आणि नुसत्या राजा-प्याद्यांच्या शेवटात ते एक जास्तीचे प्यादे पुरेसे ठरते. अठ्ठावन्नाव्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

हे सारे मला त्या संध्याकाळी कळले नाही. दोन दिवस लागले. आणि सगळ्यात गंमतीची गोष्ट मागाहून वाचली. गुकेशने स्वतःच पुढे सांगितले की डिंगची ती चाल प्रथम त्याच्याही लक्षात आली नव्हती. तो आपला हत्ती दुसरीकडे नेण्याच्या बेतात होता आणि मग त्याला उंट अडकतो आहे हे दिसले. डिंगलाही आपली चूक उमगायला काही क्षण लागले. तेव्हा हिशोब असा होतो: पटाजवळ बसलेल्या दोघा महारथींना जे चटकन दिसले नाही, ते कुर्ल्यातल्या सातवीच्या मुलीला तत्काळ "दिसले", आणि तिने जगज्जेत्याला नापास करून टाकले. ती एकटी नव्हती. त्या शेवटानंतर भलेभले, एक माजी जगज्जेतासुद्धा, त्या सामन्याच्या दर्जाला नाके मुरडताना मी वाचले.

नाके मुरडणाऱ्यांशी माझे भांडण आहे ते इथे. चाल खरी की खोटी हे संगणक सांगतो, आणि तो खोटे बोलत नाही. १९९७ साली कास्पारोव्हला यंत्राने हरवले तेव्हाच तो वाद मिटला. पण टीकाकाराचे काम एवढ्यावर संपत नाही. ती चाल सुचणे किती अवघड होते, न सुचणे किती स्वाभाविक होते, घड्याळात किती वेळ होता, चौदा डावांचा शीण अंगात किती होता, हे त्याने सांगायचे. डिंगच्या घड्याळात त्या वेळी गुकेशपेक्षा पुष्कळच कमी वेळ उरला होता. वर्षभर तो फॉर्मात नव्हता, आणि तरीही पहिला डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकून आणि बाराव्या डावात गुकेशला चोपून त्याने सामना शेवटच्या दिवसापर्यंत आणला होता. फिशरला शांतता सोसवली नाही म्हणून त्याचा उंट कोपऱ्यात सापडला. डिंगला शांतताच हवी होती, म्हणून त्याचा. बावन्न वर्षांच्या अंतरावरचे हे दोन उंट शेजारी ठेवून पाहा. पट्टीवर दोघांचा रंग एकच.

पट्टीला आणखी एक दोष आहे. तो चुकांपेक्षा चांगल्या चालींच्या बाबतीत जास्त जाणवतो. एप्रिल २०२४ मध्ये टोरांटोला आव्हानवीरांची स्पर्धा चालू होती. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. रात्री बाराला डाव सुरू व्हायचे. दुसऱ्या फेरीत आपला नाशिकचा विदित गुजराथी अमेरिकेच्या नाकामुराशी काळ्या मोहऱ्यांनी खेळत होता. नाकामुरा तोवर लागोपाठ सत्तेचाळीस डाव हरला नव्हता. आणि विदितने, डाव जेमतेम रंगात येत असताना, आपला उंट सरळ एच-३ च्या प्याद्यावर नेऊन टाकला. शत्रूच्या राजाच्या अंगणात घुसून कुंपण मोडायचे आणि बदल्यात उंट द्यायचा! हार्बरच्या शेवटच्या गाड्यांचा आवाज येत होता आणि मी एकटा जागा होतो. पट्टीने त्या चालीला किती गुण दिले ते मला आता आठवत नाही. आठवते ते एवढेच, की मी चहा करायला उठलो आणि पातेले हातात घेऊन तसाच उभा राहिलो. विदित तो डाव जिंकला. त्याच स्पर्धेत त्याने नाकामुराला परतीच्या डावातही हरवले. स्पर्धा मात्र त्याला फारशी चांगली गेली नाही. ते असो. भर स्पर्धेत, घड्याळ चालू असताना, उंट उचलून शत्रूच्या दारात ठेवताना हाताला जे वाटत असेल, त्याला पट्टीत रंग नाही.

इथवर हे एका निवृत्त मास्तराचे कुरकुरणे म्हणून सोडून देता आले असते. पण २०२५ च्या मे महिन्यात नात सुट्टीतल्या एका स्पर्धेत खेळायला गेली आणि पाचांपैकी चार डाव हरली. हरण्याचे मला काही वाटले नाही. तिलाही प्रथम वाटले नसावे, कारण गाडीतून येताना ती वडापाव मागत होती. घरी आल्यावर तिने एकेक डाव मोबाइलमध्ये घातला. यंत्राने तिच्या चालींवर प्रश्नचिन्हे मारली, काहींवर दोन-दोन, लाल; आणि डावाखाली अचूकतेचे टक्के दिले. रात्री तिने पट, मोहरी, घड्याळ एका पिशवीत भरले आणि ती पिशवी माळ्यावर ठेवायला सांगितली. म्हणाली, "आबा, मला खेळता येतच नाही. बघा ना, सगळं लाल."

मी मास्तर होतो तेव्हा वह्यांवर लाल शाई मीही पुष्कळ सांडली आहे. पण चुकीच्या समासाशेजारी मुलाने तो तसा का सोडवला असावा याचा विचार निदान मनात तरी येई, आणि कधी कधी त्या चुकीतली अक्कल पाहून अर्धा गुण द्यावासा वाटे. तिचा चौथा डाव मी मागून घेतला. दोन लाल प्रश्नचिन्हे पडलेल्या चालीत तिने घोडा दिला होता. फसले होते खरे; पण तीन चालींनंतर प्याद्याने मात करण्याचा तिचा बेत होता. आपल्याकडे प्यादेमातीचा मान सगळ्यांत मोठा. १८१४ साली मुंबईत छापलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांच्या पुस्तकापासून आपल्या लोकांना त्या कोड्यांची चटक आहे. हा बेत पाहून माझ्या वडिलांनी तिला जवळ घेतले असते. यंत्राने घोडा फुकट गेला एवढे पाहिले.

कालनिर्णयाची पट्टी कापली गेली ती त्यानंतर. जुलै महिन्यात जॉर्जियातल्या बातुमी शहरी महिलांची विश्वचषक स्पर्धा चालू होती, आणि नागपूरची दिव्या देशमुख एकामागून एक मोठी नावे बाजूला सारीत चालली होती. चीनची जू जिनर गेली, आपलीच हरिका गेली, मग माजी जगज्जेती तान झोंगयी गेली, तीही एकशे एक चालींच्या डावात. मी नातीला म्हटले, खेळू नकोस, पण माझ्याबरोबर बघ. अट एकच, कागद काढायचा नाही. आणि प्रत्येक चालीआधी आपण काय खेळलो असतो ते पाटीवर लिहायचे. ती कुरकुरत बसली. पहिल्या दिवशी तिने पाटीवर चालीऐवजी माझे चित्र काढले.

अंतिम सामना भारताच्याच दोघींत झाला, दिव्या आणि कोनेरू हम्पी. एक एकोणीस वर्षांची, दुसरी तिच्या दुपटीची. मला राहून राहून मुंबईच्या खाडिलकर भगिनींची आठवण येत होती. १९७४ मध्ये वासंती देशाची पहिली महिला विजेती झाली, मग जयश्री, मग रोहिणी. आणि १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली तेव्हा केवढा गहजब झाला होता! प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मुलींना मज्जाव करता येणार नाही, असे जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना, मॅक्स ऑयवे यांना, सांगावे लागले. नातीला हे ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "म्हणजे खेळायला बसण्यासाठी कोर्टात?" आणि पाटीवरचे माझे चित्र तिने पुसले.

२८ जुलैची संध्याकाळ. मुख्य दोन्ही डाव बरोबरीत सुटलेले, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी. जलद डाव म्हणजे प्रत्येकीला सारी पंधरा मिनिटे आणि चालीगणिक दहा सेकंद. शेवटी शेवटी तर त्या दहा सेकंदांवरच जगायचे. कागद जागच्या जागी होता. काय चालले आहे ते आम्हांला खरोखर कळत नव्हते. आम्ही दोघे पाटीवर लिहीत होतो, पुसत होतो, आणि आमच्या बहुतेक चाली चुकत होत्या. एकदा नात म्हणाली, "दिव्या जिंकतेय." थोड्या वेळाने म्हणाली, "नाही, घालवलं बहुतेक." मग हम्पीच्या चेहऱ्याकडे पाहून, "आबा, तिला पण कळत नाहीये." हे ती वर्षापूर्वी म्हणाली नसती. स्वयंपाकघराच्या दारातून सौ. विचारीत होत्या, "अहो, काळं चढतंय का?" आणि त्यांना उत्तर देणारे घरात कोणी नव्हते.

दिव्या जिंकली. एकही नॉर्म नसताना या एका विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, भारतातली अठ्ठ्याऐंशीवी, आणि महिलांत चौथी. ती आईच्या गळ्यात पडून रडली ते छायाचित्र सर्वांनीच पाहिले असेल. मला त्याहून मोलाचे वाटले ते तिने नंतर सांगितलेले: डावाचा शेवट आपण मध्येच कुठेतरी बिघडवला होता, तो सोपा विजय असायला हवा होता, आणि शेवटांचा अभ्यास आपल्याला केलाच पाहिजे. नातीने ते दोनदा वाचून घेतले.

आता माझ्या विरुद्ध बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर सौ. मला हा लेख धाडू देणार नाहीत. त्यांचे म्हणणे असे, की पट्टी नसती तर त्या बातुमीच्या डावापाशी क्षणभरही थांबल्या नसत्या. ते खरे आहे. बुद्धिबळ हा खेळ शतकानुशतके चार जाणत्यांचा होता. आज गृहिणी, रिक्षावाले, गाडीत लोंबकळणारे कारकून ग्रँडमास्टरांचे डाव मोबाइलवर पाहतात, आणि त्यांच्या हाती पहिले बोट कोणी दिले असेल तर या पट्टीने. शिवाय सगळे दोष यंत्राच्या माथी मारणे बरे नव्हे. मुंबईच्या सागर शहा आणि अमृता मोकल यांच्यासारखी मंडळी डाव समजावून देताना पाहिली की ध्यानात येते, की माणूस इथे काय खेळेल हेही प्रेमाने उलगडता येते, आणि पाहणारा त्यामुळे बिचकत नाही. गाईडही मी वर्गातून कधी हद्दपार केले नव्हते. आधी कविता वाचा, मग उघडा, एवढेच म्हणत असे; आणि ऐकत कोणीच नसे.

म्हणून आमच्या घरी तह झाला आहे. डाव चालू असेतो कागद राहील. संपला की काढायचा, आणि सौ.नी रंग सांगायचा. त्यांना हे मुळीच पसंत नाही. संपलेल्या डावाचा रंग सांगण्यात काय अर्थ, असे त्या म्हणतात, आणि त्यांच्या बाजूने ते रास्तच आहे.

पिशवी अजून माळ्यावर आहे. परवा दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली होती. नातीने उघडली, मोहरी मोजली, एक पांढरे प्यादे कमी भरले. त्याच्या जागी तिने कोटाचे बटण ठेवले आणि मला फिशरचा तो डाव मांडायला सांगितला. एकोणतिसाव्या चालीपाशी आम्ही थांबलो आहोत. पट टीपॉयवर तसाच आहे, फराळाची ताटे त्याला वळसा घालून फिरताहेत. वडिलांचे मत मी तिला अजून सांगितलेले नाही. काल रात्री तिने विचारले, "आबा, त्याच्या घड्याळात किती वेळ होता?"

मला ते माहीत नव्हते. तिने कुठूनतरी शोधून काढायचे कबूल केले आहे.